आधीचा कोण?

आमच्या ह्यांना अख्खा बाजार रिंगमास्टर म्हणतो. नवीन माणसाला वाटतं, हे सर्कशीत होते. सर्कस आहे, नाही असं नाही, पण ती घरी आहे आणि चाबूक माझ्या हातात आहे. ह्यांची रिंग वेगळी. जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये एकामागे एक भिंगं असतात ना, ती जागची हलू नयेत म्हणून प्रत्येक भिंगापुढे आट्यांची एक धातूची रिंग फिरवून बसवलेली असते. बांगडीहून पातळ आणि नवऱ्याहून हट्टी. वीस-तीस वर्षांत ती अशी चिकटून बसते की लेन्स उघडायचं नाव नको. मग आत बुरशी वाढते, काच धुरकटते आणि लोक लेन्स फेकून देतात. जे फेकत नाहीत ते ह्यांच्याकडे येतात.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा. आत एक टेबल, त्यावर हिरवं जाड कापड, आणि टेबलाला चारही बाजूंनी बोटभर उंचीची पट्टी ठोकलेली. का, तर स्क्रू घरंगळून खाली पडू नये. खाली पडलेला स्क्रू शोधायला हे एकदा टेबलाखाली शिरले ते चहा थंड होईपर्यंत बाहेर आले नाहीत. गिऱ्हाईक बिचारं रिकाम्या खुर्चीशी बोलून निघून गेलं.

ह्या धंद्यात एक इसम असतो. तो कुणाला कधी दिसत नाही, पण त्याच्याशिवाय कामाला सुरुवातच होत नाही. त्याचं नाव ‘आधीचा’. लेन्स हातात घेतली, डोळ्याला भिंग लावलं, की ह्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. “आधीचा कोण गाढव होता?”

म्हणजे ह्यांच्याआधी जो दुरुस्तीवाला त्या लेन्सला हात लावून गेला, तो. त्याने स्क्रूची डोकी खाल्लेली असतात. त्याने नको तिथे तेल सोडलेलं असतं. रिंग काढताना त्याची पक्कड घसरलेली असते आणि भिंगावर ओरखडा उठलेला असतो. हे सगळं त्या गरीब गिऱ्हाइकाला असं सुनावलं जातं, जणू आधीचा त्याचा सख्खा मेहुणा. आणि शेवटी दुकानाचं ब्रीदवाक्य. “मी बसवलेली रिंग तीस वर्षांनी उघडा, दोन बोटांनी निघेल. काम असं करावं की पुढच्याला शिवी सुचू नये.”

मी दातांच्या डॉक्टरकडे गेले, तर त्यानेही माझ्या तोंडात डोकावून हेच विचारलं, फक्त गाढव म्हणाला नाही. नळ दुरुस्त करणारा बेसिनखाली आडवा झाला की तिथूनच त्याचा आवाज येतो, “हे कुणी केलंय हो?” ऑफिसात नवा साहेब आला की पहिले सहा महिने आधीच्या साहेबावर काढतो. तोवर त्याच्या बदलीची वेळ येते. जगाचा गाडा ह्या आधीच्याच्या पाठीवर चाललाय. त्याचा कुठेतरी पुतळा उभारायला हवा.

पण मी तरी कुठल्या तोंडाने हसू? माझ्याही घरात एक होती. आधीची.

मी ह्यांची दुसरी बायको. पहिली आजाराने गेली. त्यानंतर तीन वर्षांनी मी ह्या घरात आले, त्यालाही आता बावीस वर्षं झाली. आले तेव्हा घर तिच्या मापाचं होतं. ती उंच, मी ही एवढीशी. टॉवेलची खुंटी वर, कपाटाची कडी वर, आरशात बघावं तर माझं नुसतं कपाळ दिसायचं. पण सगळ्यात जीव खाल्ला तो तिच्या बरण्यांनी. स्वयंपाकघरात सात काचेच्या बरण्या, आत दळलेले मसाले आणि काय काय, आणि झाकणं अशी आवळलेली की बाई होती की पैलवान! मी सगळे उपाय केले. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलं, सुरीच्या पाठीने कडेकडेने ठोकलं. शेवटी शेकायची रबरी पिशवी फाटली होती, तिचा तुकडा कापला, झाकणावर घट्ट धरला आणि युक्ती सापडली. आधी झाकण केसभर आणखी आवळायचं, मग उलटं फिरवायचं. आठ दिवसांत सहा बरण्या उघडल्या.

आत सगळ्यात किडे. मी सगळं ओतून टाकलं, बरण्या घासून उन्हात ठेवल्या. हे दारात उभे होते. मी म्हटलं, “एवढं आवळून ठेवलं होतं आधीचीने, कोण चोरून नेणार होतं?” हे म्हणाले, “बरं केलंस.” आणि डबा न घेताच दुकानात गेले. सातवी बरणी सगळ्यात छोटी, ती काही केल्या उघडेना. मी टाकायला काढली तर म्हणाले, “असू दे, स्क्रू ठेवायला होईल.” ती दुकानात ह्यांच्या पाठीमागच्या फळीवर आहे. स्क्रू काही तिच्यात कधी गेले नाहीत. तळाशी काळपट-तपकिरी काहीतरी दिसतं. मी समजत होते, ग्रीज असेल.

तेव्हापासून घरात काहीही अडकलं, खिडकी, कडी, नळ, की माझ्या तोंडून निघायचं, “आधीचीने लावलं असणार.” खिडकी तर आम्ही नंतर बसवलेली. पण सवय ती सवय.

त्यात माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण, पुढच्या खोलीत पार्लर चालवते. तिच्या लेखी वहिनी एकच, ती गेलेली. मी ‘नवीन वहिनी’. बावीस वर्षांनी कुणी नवीन राहतं का? माझे केस पिकले, ते तीच रंगवते, आणि रंगवताना म्हणते, “नवीन वहिनी, मान जरा खाली.” वर ऐकवणार, “आमच्या वहिनीचे केस काय होते!” वन्संना कधी कुणी सांगितलं नाही, की माणूस गेला म्हणून त्याचे केस वाढत नाहीत.

ह्या वन्संचा डोळा दुकानावर. “दादा, दिवसाला एक गिऱ्हाईक येतं तुझ्याकडे. पार्लरला किती छान होईल ही जागा!” हे दर वेळी हसून सोडून द्यायचे. पण ह्या वर्षी एक लेन्स आली आणि सगळं जमून आलं.

लेन्स आणली शेवाळंवाल्या बाईंनी. ह्या बाई निवृत्त शिक्षिका आणि फोटो फक्त भिंतींवरच्या शेवाळाचे काढतात. माणूस मध्ये आला तर त्याला बाजूला करतात. कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओच्या सामानात त्यांना ही लेन्स मिळाली होती. आत धूसर झालेली. ह्यांनी डोळ्याला भिंग लावलं, पुढची रिंग बघितली आणि नेहमीचं वाक्य दुप्पट आवाजात आलं. “आधीचा कोण गाढव होता? नेलपॉलिश लावलंय! गुलाबी!”

तर त्यातलं असं, की रिंग आपोआप फिरू नये म्हणून आट्यांवर रंगाचा एक थेंब सोडतात. हे बिनरंगी नेलपॉलिश वापरतात, टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच. इथे त्या इसमाने पूर्ण गोलाकार फासलं होतं, एकावर एक तीन थर. आणि ह्या पुढच्या रिंगेला पकड घालायला खाचा नसतात. ती रबर दाबून फिरवावी लागते.

हे भिडले. रोज सकाळी सुईच्या टोकाने फटीत नेलपॉलिश काढायचं पाणी सोडायचं, तेही वन्संच्या पार्लरमधून आणलेलं, मग थांबायचं. कापसाच्या काडीवर थोडं गुलाबी यायचं. केस वाळवायच्या यंत्राने ऊब द्यायची, तेही पार्लरचंच. मग काळं रबरी बूच दाबून फिरवायचं. रिंग जागची हलायची नाही. आणि त्या आधीच्याचं रोज एक नवीन चरित्र घरी यायचं. सोमवारी तो आळशी होता. बुधवारी बायकोच्या टेबलावरून नेलपॉलिश चोरणारा फुकट्या होता. पुढच्या सोमवारी त्याला दारूचं व्यसन लागलं. तिसऱ्या आठवड्यात तर त्याच्या आईवडिलांनी त्याला वळण कसं लावलं नाही, इथवर आम्ही पोचलो. मी म्हटलं, “अहो, बास करा, उचकी लागून मरेल तो.”

आणि मग एका मंगळवारी वन्सं आपलं यंत्र परत मागायला आल्या. बाईही तिथेच बसल्या होत्या. वन्सं सहज बोलून गेल्या, “दादा, आता हातात जोर राहिला नाही रे तुझ्या.” झालं! ह्यांनी भिंग खाली ठेवलं. “रविवारपर्यंत ही रिंग निघाली नाही, तर दुकान तुझं. घे पार्लरला.” बाई ओशाळल्या, “अहो, माझी काही घाई नाही.” पण वन्संनी पर्समधून टेप काढून भिंतीचं मापसुद्धा घेतलं. माणसं पर्समध्ये टेप ठेवतात हे मला तेव्हा कळलं.

इथे माझं धाबं दणाणलं. खोटं कशाला बोलू, पहिली काळजी माझीच होती. हा माणूस दिवसभर घरी! पाय मोडला होता तेव्हा दहा दिवस घरी होते, तेवढ्यात मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ आणि माझं शिलाई मशीन उघडून झालं. मशीन अजून मागे शिवतं. पण शुक्रवारी मी डबा द्यायला गेले आणि काचेतून बघितलं. हे दोन्ही हातांनी बूच दाबून रिंग फिरवत होते, चेहरा लाल, आणि हात थरथरत होते. मग हात मांडीवर ठेवून नुसते बघत बसले, त्या हातांकडे. ते दुकान म्हणजे जिन्याखालची खोली नव्हती हो. तो माणूसच तेवढा होता.

शनिवारी दुपारी मी डब्याबरोबर माझं हत्यार घेऊन गेले. शेकायच्या पिशवीच्या रबराचा तुकडा, जो दर दोन वर्षांनी पिशवी फाटली की मी नवा कापते, आणि एक स्टीलचा पेला.

“हे काय?”

“तुमचं ते बूच बघा. वीस वर्षांचं आहे. गुळगुळीत झालंय, दगड नुसता. ते काय धरणार? हात ठीक आहेत तुमचे, रबर म्हातारं झालंय.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

“मला झाकणातलं कळतं. आधीचीने शिकवलं.”

पेल्याच्या काठावर रबर ताणून बसवलं. काठ बरोबर रिंगेवर आला, काचेला न लागता. ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी पेला दाबला, आधी केसभर घट्टच्या बाजूला, मग उलटा. कट् असा आवाज झाला आणि रिंग फिरली.

हे काय म्हणाले असतील? “मी तीन आठवडे सैल करत आणली होती, म्हणून.” जगातल्या यच्चयावत नवऱ्यांनी झाकण दुसऱ्याने उघडल्यावर हेच म्हटलेलं आहे. मी म्हटलं, “हो तर! आता बघा एकदाचं त्या गाढवाचं काम.”

ह्यांनी रिंग उचलली, दिव्याखाली धरली. रिंगेखालच्या धातूवर दुरुस्ती करणारे सुईने आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतात. ह्यांची खूण एक बारीक आकडा आणि पुढे टिंब. ती मी हजारदा पाहिली आहे, घरच्या मिक्सरच्या बुडालासुद्धा आहे. तिथे तोच आकडा होता. तेच टिंब. फक्त वेडंवाकडं.

मला जे हसू फुटलं! तीन आठवडे ज्याचा उद्धार केला, ज्याचे आईवडील काढले, तो हाच! “अहो, तुमच्या आईंनी वळण लावलं नव्हतं वाटतं!” मी पोट धरून हसत होते, आणि मग माझी नजर तारखेवर गेली. त्या महिन्यातला एक दिवस हे दरवर्षी दुकान बंद ठेवतात. का, ते आमच्याकडे बोलत नाहीत, सगळ्यांना माहीत आहे. कोरलेली तारीख त्याच्या चार दिवस पुढची होती. माझं हसू तिथेच थांबलं.

“ती गेल्यावर पाचव्या दिवशी दुकान उघडलं मी,” हे म्हणाले. “लोक म्हणाले, दगड आहे. बाटली तिचीच होती. हातात आली, लावत गेलो. तेव्हा काही सुटू नये, एवढंच वाटायचं.”

मी डबा उघडून दिला. हे जेवले. नेहमीपेक्षा एक घास जास्तच जेवले, असं मला वाटलं.

रविवारी सकाळी वन्सं हजर, बरोबर सुतार. रिंग निघाली म्हटल्यावर तोंड एवढंसं झालं. कुणी काढली हे कळल्यावर पुन्हा फुललं. “मग दादा, तू कुठे काढलीस? नवीन वहिनींनी काढली. शब्द तुझा होता!” हे म्हणाले, “मी ‘निघाली नाही तर’ म्हणालो होतो. ‘मी काढली नाही तर’ असं म्हणालो नव्हतो.” सुताराने दोघांकडे बघितलं आणि तो शेजारी किल्ल्यांच्या दुकानात जाऊन बसला.

मला चढलं होतं जरा. मी म्हटलं, “वन्सं, आभार माना तुमच्या वहिनींचे. त्यांनी बरण्यांची झाकणं आवळून ठेवली नसती, तर मला ही विद्या आलीच नसती.”

“वहिनी? आणि झाकण आवळणार?” वन्सं हसायलाच लागल्या. “काहीतरीच काय! झाकण नुसतं वर ठेवायची ती. एक फेरा द्यायचाही कंटाळा. मी उचलायला गेले की झाकण हातात आणि बरणी पायावर! हा बघा वण.” त्यांनी खरंच चप्पल काढून अंगठा दाखवला. बावीस वर्षं केसांचं कौतुक ऐकवलं, पण ही एक कामाची गोष्ट बाईने कधी सांगितली नाही.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे रिंग पुसत होते. पुसून झालेली रिंग पुन्हा पुसत होते.

वन्सं गेल्यावर मी विचारलं, “बरण्यांची झाकणं तुम्ही लावली होती?”

“तिनेच दळलेलं होतं सगळं. वास उडून जाईल असं वाटलं.”

“आणि मी ओतून टाकलं.”

“किडे झाले होते गं.”

“मग बोलला का नाहीत तेव्हा?”

“बोललो ना. बरं केलंस म्हणालो.”

मला रडूच आलं. भर सकाळी, झेरॉक्सवाल्याला दिसेल असं. लाज वाटली, खूप लाज वाटली. जी बाई झाकण साधं फिरवतही नव्हती, तिला मी बावीस वर्षं पैलवान म्हटलं. आणि रागही आला, तो मात्र ह्यांचा. एक शब्द बोलले असते तर मी त्या सहा बरण्या तशाच ठेवल्या असत्या, किड्यांसकट ठेवल्या असत्या! तसं मी बोलूनही दाखवलं, अगदी तावातावाने. हे म्हणाले, “किड्यांसकट तू ठेवल्या नसत्यास.” ते खरं आहे.

फळीवरची सातवी बरणी मी खाली घेतली. ग्रीज नव्हतं ते. पेला आणि रबर टेबलावरच होतं. “उघडू?”

ह्यांनी झाकणावर तळहात ठेवला. “नको. तू काढशील. तू काढतेसच, तीच अडचण आहे.”

मी पदराने बरणीवरची धूळ पुसली. “ताईंची आहे, जरा पुसत तरी जा,” म्हटलं आणि परत जागेवर ठेवली. ताई. तोंडातून आपोआप आलं. ह्यांनी नुसतं वर बघितलं. हे बोलतात फक्त आधीच्याबद्दल.

दुपारी भिंगं साफ करून लेन्स जोडायला घेतली. आट्यांतलं गुलाबी सगळं काढलं, पण एका जागी कणभर राहिलं होतं, तिथे ह्यांनी काडी नेली आणि तशीच मागे घेतली. मग सुई माझ्या हातात दिली. “कोर, खुणेशेजारी. रिंग तू काढलीस.” मी काय कोरणार? एक छोटासा पेला काढायला गेले, तो टोपलीसारखा दिसायला लागला. वरून रिंग बसवली, दोन बोटांनी, आणि टाचणीच्या टोकाएवढा एकच थेंब.

संध्याकाळी बाई लेन्स घेऊन गेल्या आणि दुकानासमोरच्याच भिंतीवरच्या शेवाळाचा फोटो काढून गेल्या. वीस-तीस वर्षांनी कुठलातरी दुरुस्तीवाला ती लेन्स उघडेल, ती वेडीवाकडी खूण, माझी टोपली आणि आट्यांतला गुलाबी कण बघेल, आणि विचारेल, आधीचा कोण गाढव होता? विचारू दे बापड्याला. एक नव्हता, आम्ही तिघं होतो.